बिरदेव खणतोय

२७ डिसेंबर २०२४

हर्षालीनं बजावलंय, सोबतिणीनं दिवसभर ऐकलेलं मनात कुजवत ठेवायचं नाही, घरी येऊन लिहून काढायचं. कुणाला दाखवायचं नाही, तिलासुद्धा नाही. दाखवायचंच नाही तर ऱ्हस्व-दीर्घाची काळजी कशाला. मी शाळेची पायरी चढलेली नाही. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा शेडांवर मदत देणाऱ्यांची नावं रंगवलेली असत. त्यावरून एकेक अक्षर ओळखीचं करून घेतलं.

आज पोलीस ठाण्यात आम्हा सोबतिणींची ओळख करून दिली. जिल्ह्यानं एका संस्थेला काम दिलंय. कुणाचं डोकं बिघडलं, कुणी घर सोडून निघालं, आणि गावातून ११२ ला फोन गेला, तर पोलिसांनी एकट्यानं जायचं नाही. त्या गावची सोबतीण बरोबर घ्यायची. फौजदार राजनंदिनी मॅडम. माझी लेक महेश्वरी असती तर तिच्याहूनही लहानच. हर्षाली त्या संस्थेची, लातूरला शिकलेली, बोलताना सारखा चष्मा वर सारते. काम मार्चअखेरपर्यंत आहे. पुढं कुणाला द्यायचं ते तेव्हा ठरणार.

गौरीशंकर नावाचा शिपाई म्हणाला, "अक्का, वेड्यानं दगड भिरकावला तर आमी तुमच्या मागं लपायचं का?"

मी म्हणलं, "तुझं पोट झाकंल एवढी रुंद मी न्हाय रं बाबा."

मॅडमसुद्धा तोंडावर टोपी धरून हसल्या. पोर चांगली आहे.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्येची पूजा करून सगळा गाव शेतात भज्जी-आंबील खात बसलेला आणि माझ्या दारात जीप. सरपंच इंद्रजितनं फोन केला होता. जुन्या गावठाणात माणूस खणतोय, त्याला उचला.

जुनं गाव पडलं ते पडलंच. आम्हाला इकडं नवी घरं दिली, तिकडं बाभळी माजल्या. मी तिथं पाय ठेवत नाही. आज गेले. जीप लांब लिंबापाशी थांबवायला लावली, मॅडमना टोपी काढायला सांगितलं आणि आंबिलीची किटली घेऊन एकटी पुढं झाले.

बिरदेव होता. याच्या आईबापाची मेंढरं आमच्या रानात बसायची, खतासाठी. भूकंपाच्या साली सतरा वर्षांचा असेल. गणपती बुडवायला दुसऱ्या गावी ढोल वाजवत गेला, तिथंच झोपला, म्हणून वाचला. आईबाप ढिगाऱ्यात सापडले. धाकटी बहीण मायाक्का सापडली नाही. सापडली असली तरी ओळखू आली नसेल. तेव्हा वासानं उभं राहवत नव्हतं. ओळख न पटलेली सगळी एकत्र जाळली. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात. धनगरांतही लेकरांना मातीच देतात. पण तेव्हा कोण कुणाला विचारणार. माझी महेश्वरी त्यातच गेली.

बिरदेव छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता.

"बिरदेवा, काय शोधायलास?"

"घावल्यावर सांगतो, अक्का." वर बघितलं आणि ओळखीचं हसला. "आंबील हाय व्हय?"

काठावर बसून प्याला. म्हणाला, "मायाक्का आंबील नाकाला लावून घ्यायची. मिशा म्हणायची."

मॅडम लांबून बघत होत्या. उचलायची गरज पडली नाही.

९ जानेवारी

आता दर आठवड्याला जाते. खणतो म्हणजे नुसतं उकरत नाही. माती वर काढून चाळणीनं चाळतो. पांढऱ्या मातीतून जे निघेल ते पुसून एका पडक्या भिंतीवर ओळीनं मांडतो. कंगवा, तांब्याचं झाकण, पाटीचा तुकडा, कुणाच्या तरी चुलीवरचा तवा. "ज्याचं त्यानं न्यावं," म्हणतो. कुणी येत नाही न्यायला.

शेळी पाळलीय. पत्र्याच्या खोपटात राहतो, भाकरी आपल्या हातानं थापतो. मी म्हणलं, "किती दिवस असं? कंटाळा येत न्हाय?"

"कंटाळा कशाचा? सकाळी उठलं की काम असतंय, अक्का."

 असलं कसलं काम.

२८ जानेवारी

हर्षालीनं त्याला तालुक्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कुणाला त्रास देत नाही, जेवतो, झोपतो, खणतो तर खणू द्या. महिन्याला आणत जा.

इंद्रजितला हे सांगितलं तर म्हणाला, "डॉक्टरला जमीन मोजायचीय का? उन्हाळ्यात तिथं सोलरचं काम धरायचंय. मोजणीवाले आले आणि एखादा त्याच्या खड्ड्यात पडला तर तुमची संस्था पाय जोडून देणार का?"

"पोरगं तुझ्याच गावचं हाय," मी म्हणलं.

"माझंच हाय म्हणून फोन केला, अक्का. दुसऱ्या गावचं असतं तर आधी हाकललं असतं."

मॅडम मला जीपमध्ये म्हणाल्या, "अक्का, वरून विचारणा आहे. मार्चच्या आत तो आपणहून थांबला तर उत्तम. नाहीतर मला त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवावं लागेल."

तिथं गेलेला रामा कोळ्याचा भाऊ परत आला तो स्वतःच्या आईला ओळखत नव्हता. बिरदेवला तिकडं जाऊ देणार नाही. मी जिती आहे तोवर नाही.

१४ फेब्रुवारी

सुचलं. देवासमोर बसले होते, तेव्हाच सुचलं म्हणून ते चांगलंच असणार.

त्याला काहीतरी सापडायला पाहिजे. मायाक्काचं. मग जीव शांत होईल आणि खोरं आपोआप खाली पडेल.

महेश्वरीचा एक चांदीचा वाळा माझ्याजवळ आहे. ढिगाऱ्यातून एकच हाती लागला. एकतीस वर्षं पेटीत आहे. दर पाडव्याला दारात बसून राखेनं घासते, पुन्हा फडक्यात बांधते. लेकरं एकाच वयाची. पाऊल तेवढंच.

हर्षालीला बोलून दाखवलं तर तिचा चेहरा उतरला. "अक्का, नको. आम्हाला शिकवताना हे अगदी स्पष्ट सांगितलंय. माणसाला खोटं हातात द्यायचं नाही. त्यानं काय होईल सांगता येत नाही."

"तुझ्या पुस्तकात त्याला पुण्याला धाडा असं लिहिलंय का?"

 ती चष्मा सारत म्हणाली, "मार्चच्या अहवालात एक तरी केस बरी होऊन बंद झालेली दाखवा, म्हणतात. नाहीतर पुढचं काम मिळायचं नाही. मला काही कळेनासं झालंय, अक्का."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेकरू आहे. तिला काय माहीत, दुःखाला कधी कधी खेळणं द्यावं लागतं.

१८ फेब्रुवारी

बिरदेव शेळीला पाण्यावर घेऊन गेला तेव्हा खड्ड्यात उतरले. गुडघे बोंबलले. जिथं त्याचं खोरं टेकवलेलं होतं, त्याच्या पुढ्यात वीतभर खाली वाळा पुरला. हातातून सुटेना. मी म्हणलं, महेश्वरी, तुझं एवढं दे त्याला. मग सुटला.

परत येताना लिंबापाशी बसून राहिले. मॅडमना मी आणि हर्षालीनं काही सांगितलेलं नाही. पोलिसाला सांगून कुठं कुणाचं बरं होतं?

२० फेब्रुवारी

सापडला!

मी काठावर होते. खोरं वाजलं. वाकून उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, उन्हात धरलं. कितीतरी वेळ बघत होता. मग माझ्याकडं बघितलं. तेही कितीतरी वेळ.

"घावलं, अक्का," म्हणाला.

तो रडला नाही, मीच रडले. मला हुंदका आवरेना. वर चढून आला, माझे डोळे त्याच्या मळक्या बोटांनी पुसले. मग वाळा फिरवत म्हणाला, "लई जपलं म्हणायचं मातीनं. कुठं काळं पडलं न्हाय."

मी म्हणलं, "माती चांगली आपली."

"व्हय," म्हणाला. "माती चांगली. माणसंबी चांगली."

२६ फेब्रुवारी, शिवरात्र

खणणं थांबलं. डोकं-दाढी करून आला. चेहरा असा कोवळा निघाला की मी दृष्ट काढली. राजनंदिनी मॅडमनी पेढे आणले. उपास होता, पेढा चालतो म्हणून खाल्ला. गौरीशंकर म्हणाला, "अक्का, आता आमच्या साहेबांचंबी डोकं तेवढं शांत करा." मॅडमनी त्याच्या पाठीत वही घातली.

हर्षालीनं फोटो काढला. बिरदेव मध्ये, आम्ही दोन्ही बाजूंना. केस बंद. बंद झाली की तिला त्याच्याकडं जायचं काम राहिलं नाही. महिन्याचं डॉक्टरही सुटलं.

१० मार्च

बिरदेव घरी आला. शेळी दावणीला बांधली. "तुमाला दुधाला व्हईल." खोरंही भिंतीला टेकवलं. "मला आता कशाला?" मग कमरेचं फडकं सोडून वाळा माझ्या हातात ठेवला.

मी म्हणलं, "अरे, तुझ्या बहिणीचा. तुझ्याजवळ ठेव."

"लेकराचा हाय, अक्का. तुमच्याचपाशी बरा. घासत जावा पाडव्याला."

किती विश्वास टाकला माझ्यावर. वाळासुद्धा घरी आला आणि त्याचंही समाधान झालं. देव एका हातानं घेतो, दोन्ही हातांनी देतो म्हणायचं.

२५ मार्च

धाराशिवला मोठा कार्यक्रम झाला. जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांचे साहेब, संस्थावाले. मला शाल आणि नारळ दिला. माइकवर चार शब्द बोला म्हणाले. मी नाव न घेता बिरदेवची गोष्ट सांगितली, वाळा कुठून आला तेवढं सोडून. पार मागपर्यंत टाळ्या. हर्षाली खाली मान घालून बसली होती. भाषणाची भीती वाटत असेल पोरीला.

३० मार्च, पाडवा

बिरदेवला जेवायला बोलावलं. अर्धीच पोळी खाल्ली. हाडं वर आलीत. म्हणलं उन्हाची सुरुवात आहे, भूक मरते.

"काय करतोस रे दिवसभर?"

"बसतो."

"बस की. लई राबलास."

जाताना पाया पडला. कधी पडत नाही. "अक्का, तुमच्या मनासारखं झालं न्हवं सगळं?"

"झालं बाबा. सोनं झालं."

३ एप्रिल

हर्षाली आमची ओळखपत्रं परत घ्यायला आली. संस्थेचं काम ३१ ला संपलं. पुन्हा निविदा निघणार, दुसरं कुणी येईल किंवा हेच येतील, दोन-तीन महिने तरी कुणीच नाही. मी विचारलं, "आणि तोवर कुणाचं डोकं बिघडलं तर?"

"तोवर ११२, अक्का. आधीसारखं."

जाता जाता दारात थांबली. "बिरदेवकडं जात जा. केस नाही म्हणून सोडू नका. मला त्याचं ते शेळी आणून देणं नीट वाटलं नाही."

मी म्हणलं, "अगं, माणूस मोकळा झाला म्हणून वाटतोय." पण जाईन. गुडघा जरा उतरू दे.

११ एप्रिल

गावात गंमत चाललीय. सकाळी उठून बघावं तर उंबऱ्यावर वस्तू. वाण्याच्या दारात तांब्याचं झाकण, सुतारीणबाईच्या दारात कंगवा. तिच्या सासूचा निघाला, एक दात मोडलेला, तिनं लगेच ओळखला. बसून रडली. तवा आमच्या गल्लीतच आला. बिरदेव ज्याचं त्याला पोचवून जातोय. कुणी न्यायला आलं नाही, तर आपणच निघाला. भिंत रिकामी झाली म्हणे.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. किती सुधारला! गावात मिसळायला लागला. मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का," आणि भिंत खरंच रिकामी झाली का, ते दोनदा विचारलं. "अक्का, मी उद्या-परवा चक्कर टाकते." पण तुळजापूरला बंदोबस्त लागला, यायला जमलं नसावं.

१७ एप्रिल

बिरदेव गेला.

मोजणीवाले आले होते, त्यांनाच दिसला. खड्ड्यात कुशीवर झोपल्यासारखा, हात डोक्याखाली. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. ऊन आहेच तसं, दगड फुटतोय. शेजारी पाण्याची बाटली होती. काठोकाठ भरलेली. झाकणही उघडलेलं नव्हतं. तहान लागल्याचं कळलं नसेल त्याला, झोपेत.

मी इंद्रजितला म्हणलं, "त्याच खड्ड्यात माती द्या रे त्याला. त्यानंच खणलाय."

"अक्का, ती जागा मोजली आज. आता काय करू, सांगा."  पांदीच्या कडेला माती दिली. खांदा द्यायला माणसं लई आली. ज्यांच्या दारात वस्तू आल्या ती सगळी.

राजनंदिनी मॅडम शेवटपर्यंत उभ्या होत्या. टोपी हातात. त्यांना कुणी काढायला सांगितली नव्हती.

२० एप्रिल

बिरदेवची मावशी बेंबळीहून आली, कमलबाई. म्हातारी पार वाकलीय. माझ्याकडंच उतरली. मी तिला वाळा दाखवला. म्हणलं, तुमच्या मायाक्काचा. बिरदेवला सापडला होता. तुमच्याकडं राहू दे.

तिनं हातात घेतला, उलटापालटा केला. "चांदी? अगं बाई, आमची मायाक्का चांदी कुठली घालती? मेंढरामागची पोर. तिच्या पायात काळा दोरा असायचा, त्यात भोकाचा पैसा ओवलेला. बिरदेवनंच बांधला व्हता. त्यो तुटला तर त्योच नवा वळायचा. दुसऱ्याला हात लावू देत नव्हती."

वाळा मला परत दिला. मी चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला.

मग त्यानं ओळखलं कसं नाही, म्हणते मी. सतरा वर्षांचं पोर, एवढ्या वर्षांनी काय लक्षात राहणार. नसेल राहिलं. दोरा काय, वाळा काय. सापडलं एवढं खरं.

सापडलं म्हणालाच ना तो. माझ्याकडं बघून म्हणाला.

२ मे

जेवण जात नाही. शेळीला कुणी आवाज देतंय असं वाटून ती दाराकडं कान करते.

पुढच्या आठवड्यात खड्डा बुजवायला जेसीबी येणार. म्हणलं, त्याच्या आत वाळ्याला माती देऊन टाकू. महेश्वरीला मिळाली नाही, तिच्या वाळ्याला तरी मिळू दे. आता पेटीत ठेवायचा म्हणलं तर हात पोळतो.

बिरदेवचं खोरं घेऊन गेले. वीतभर खणलं असतं तर पुरलं असतं. पण माती काढली तर खाली बांगडीची काच निघाली, हिरवी. तिच्याखाली चुलीची वीट. म्हणलं, दोरा कुजला असेल, पण भोकाचा पैसा तांब्याचा. तांबं कुजत नाही. इथंच कुठं असणार. घर त्यांचं इथंच होतं, मला पक्कं ठाऊक आहे. वाळा पुन्हा कमरेला लावला. आज पुरता आला नाही.

६ मे

इंद्रजितनंच फोन केला असणार. मी आतच होते, कमरेइतकं झालंय. लिंबापाशी जीप थांबली. मॅडम एकट्याच आल्या. टोपी जीपमध्येच ठेवून, मीच शिकवलं होतं तसं. काठावर बसल्या, वर्दीला माती लागली तरी.  

मग म्हणाल्या, "अक्का, काय शोधताय?"

"वाळा पुरायला जागा बघतेय," मी म्हणलं. खोटं कशाला बोलू, तेच करतेय.

त्यांनी भिंतीकडं बघितलं. मी तिथं बांगडीची काच, विटेचा तुकडा आणि एक बटण ओळीनं लावून ठेवलंय. ज्याचं त्यानं न्यावं.

"नवी संस्था अजून ठरली नाही," म्हणाल्या. "सोबतीण द्यायला कुणी नाही माझ्याकडं. तोवर मीच येत जाईन."

"कुणासाठी?" मी विचारलं.

त्यांनी थर्मासमधून चहा ओतून कप खाली दिला. ओतताना निम्मा सांडला पोरीनं. बंदोबस्तानं दमली असेल. जेसीबी पुढं ढकलायला सांगते म्हणाली. बरं झालं. मी म्हणलं, तू जा, तुला कामं असतात, माझी काळजी नको. अंग दुखतंय पण झोप चांगली लागते. सकाळी उठलं की आता काम असतंय.